डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी लागलीय? विचारा ताईला

मागच्या अंकात दवाखान्यांतल्या नोकऱ्यांवर थोडंसं लिहिलं होतं, त्यात डोळ्यांच्या क्लिनिकमधल्या असिस्टंटचा उल्लेख आला आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्याच्यावरच आले. मी स्वतः दादरला याच कामात आहे, म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून डोळ्यांचंच घेऊया. एक आधीच सांगते, आजाराचं जे काही असेल ते डॉक्टरांनाच विचारा, मी डॉक्टरांच्या खुर्चीच्या अलीकडचं तेवढं सांगणार.

प्रश्न: ताई, मी बारावी आर्ट्स झालेय आणि घाटकोपरला एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शन प्लस असिस्टंट म्हणून लागलेय. पण नुसते फोन घ्यायचे, फाइल काढायच्या, नंबर पुकारायचा, एवढंच चाललंय. मशीनला हात लावू देत नाहीत. हे असंच राहणार का? आधी काय शिकू?
(विक्रोळी)

उत्तर: असंच नाही राहणार, पण फोन आणि फाइल म्हणजे हलकं काम हे आधी डोक्यातून काढ बघू. मशीन काय ग, कोणीही शिकतं, हनुवटी ठेवा, कपाळ टेकवा, समोरचं चित्र बघा, बटण दाबलं की कागद बाहेर. कोणाला बसवून ठेवायचं आणि कोणाला एक मिनिटसुद्धा बसवायचं नाही हे कळायला मात्र वेळ लागतो, आणि ते तुझ्याच टेबलावर ठरतं, कारण डॉक्टर आत असतात, बाहेर बाकावर कोण कसं बसलंय ते फक्त तुला दिसतं.

सगळ्यात पहिलं म्हणजे डोळ्यात काही उडालं असेल तर. तंबाखूबरोबर त्या चुन्याच्या पुड्या मिळतात ना, लहान पोरं त्या खेळता खेळता दाबतात, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात. चुना म्हणजे अल्कली, तो बहुतेक ॲसिडपेक्षा वाईट कारण आत आत शिरत जातो. अशी केस आली की नाव, वय, मोबाइल काही विचारायचं नाही, आधी डोळा धुवायला घ्यायचा, सलाइनने नाहीतर नळाच्या पाण्याने, चांगला अर्धा तास, वरची पापणी उचलून तिच्याखाली अडकलेले कणसुद्धा निघाले पाहिजेत, मधेच डॉक्टरांना हाक मारायची, फाइल नंतर. आणि असा फोन आला तर नुसतं "लगेच या" म्हणू नकोस. "आधी घरीच नळाखाली धुवा, मग निघा" असं सांग, कारण एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमधे रिक्षात जो वेळ जातो तेवढ्यात व्हायचं ते नुकसान होऊन जातं.

मग अचानक दिसेनासं झालेले. दुखत नाही म्हणून हे लोक गप्प बसून राहतात, काल संध्याकाळपासून एका डोळ्याने दिसत नाहीये असं अगदी शांतपणे सांगतात, आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) रक्तवाहिनी बंद झाली असेल तर तिथे तासांचा हिशोब असतो. डोळ्यासमोर विजा चमकतात, काळे ठिपके एकदम वाढलेत, बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटतंय, हेसुद्धा आजच्या आज दाखवायचं, आतला तो पडदा सुटत असू शकतो. लाल डोळा, डोकं फुटतंय, उलट्या होतायत आणि दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतायत असं कोणी म्हणालं तर घरचे ॲसिडिटी म्हणून जेलुसिल देत असतात, पण डोळ्याचं प्रेशर एकदम चढलं की असंच होतं. तसंच मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार-पाच दिवस झालेत, काल छान दिसत होतं आज धूसर झालं आणि ठणकतंय असा फोन आला तर त्याला उद्याची अपॉइंटमेंट द्यायचीच नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा लाल दुखरा डोळासुद्धा यातच धर, लेन्स काढून डब्यात घालून घेऊन या म्हणायचं.

चाळिशीचा चष्मा, वर्षभर पाणी येतंय, मोबाइल बघून डोळे चुरचुरतात, हे थांबू शकतात. ते कुरकुर करतील, आम्ही आधी आलो म्हणतील, म्हणू देत. कधीपासून, एक डोळा की दोन्ही, दुखतंय का, दिसायचं कमी झालंय का, हे चार प्रश्न तोंडात बसव आणि तुझ्या डॉक्टरांकडून "कोणाला लगेच आत पाठवायचं" याची यादी त्यांच्याच अक्षरात लिहून घे, टेबलाच्या काचेखाली ठेव. भांडण झालं की ती दाखवता येते.

आणि फाइल लिहिताना शुगर, बीपी, ॲलर्जी सगळेच विचारतात, तू अजून एक विचार, वयस्कर पुरुष असतील तर "लघवीसाठी, प्रोस्टेटची काही गोळी चालू आहे का, आधी कधी घेतली होती का". लोक हसतात, डोळ्याचा आणि लघवीचा काय संबंध म्हणून, पण टॅमसुलोसिन नावाची गोळी घेणाऱ्यांची बाहुली मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी नीट मोठी राहत नाही, बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडतो, आणि गोळी बंद केली तरी तो परिणाम राहू शकतो. २००५ मधे हे पहिल्यांदा नीट लिहिलं गेलं, तोवर सर्जनलासुद्धा ऑपरेशन टेबलावरच कळायचं. आधी माहीत असलं की तयारी ठेवता येते. तर हे फाइल काढणं बरं का, ज्याला तू "एवढंच" म्हणतेयस.

प्रश्न: नमस्कार ताई. मला आता ड्रॉप टाकायचं काम दिलंय. पेशंट डोळे घट्ट मिटतात, अर्धं औषध गालावर. आणि बाहुली मोठी करायचे ड्रॉप सरसकट सगळ्यांना टाकले तर चालतात का? आमच्याकडे गर्दी असली की सगळ्यांना टाकून बसवतात.
(वसई)

उत्तर: सरसकट अजिबात नाही. ड्रॉप टाकायच्या आधी व्हिजन घेतलेलं, म्हणजे तक्ता वाचून घेतलेला पाहिजे, डोळ्याचं प्रेशर मोजून झालेलं पाहिजे आणि डॉक्टरांनी "टाका" म्हटलेलं पाहिजे, फाइलवर लिहिलेलं असेल तर उत्तम. काही लोकांच्या डोळ्याचा कोन मुळात अरुंद असतो, त्यांची बाहुली मोठी केली की आतलं पाणी बाहेर जायची वाट बंद होते आणि वरच्या उत्तरात लिहिलाय तो उलट्या-डोकेदुखीचा प्रकार तुमच्याच बाकावर सुरू होतो. ते स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या दुर्बिणीवर, डॉक्टरांना दिसतं, आपल्याला नाही. दुसरं, नेहमीच्या बाटलीत ट्रॉपिकामाइडबरोबर फेनिलेफ्रिन असतं, त्याने बीपी वाढू शकतं, म्हणून बीपी खूप वाढलेलं असेल किंवा हार्टचा पेशंट असेल तर आधी विचारायचं, डॉक्टर मग फेनिलेफ्रिन नसलेले देतात. गर्दी आहे म्हणून ही पायरी गाळायची असं तुमच्याकडे कोणी सांगत असेल तर तुम्ही नम्रपणे फाइल पुढे करा, "सर इथे लिहून द्या" म्हणा, बस.

टाकायची पद्धत सोपी आहे, वर बघायला सांगा, खालची पापणी बोटाने खाली ओढा, तिथे खोबण तयार होते त्यात एकच थेंब. लोक बुबुळावर नेम धरतात म्हणून पेशंट दचकतो. बाटलीचं टोक पापणीला, केसाला कशाला लागू द्यायचं नाही, लागलं तर ती बाटली बाजूला काढायची, मालक कितीही कुरकुरले तरी. मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा दोनेक मिनिटं दाबायला सांगा, त्याने औषध घशात उतरत नाही, कडू लागत नाही आणि अंगात कमी जातं. दुसरा ड्रॉप असेल तर मधे पाच मिनिटं जाऊ द्या नाहीतर पहिला धुऊन निघतो. लहान मुलं डोळा उघडतच नसतील तर आडवं झोपवून मिटलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात थेंब ठेवा, उघडलं की आपोआप जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ड्रॉप टाकायच्या आधी "कसे आलात, बरोबर कोण आहे" हे विचारा, नंतर नाही. चार-सहा तास जवळचं दिसत नाही, उजेड सहन होत नाही, बाइकवर आलेला माणूस बाइकवर जाऊ शकत नाही. सत्तरीच्या आजी एकट्या विरारहून आल्यात आणि तुम्ही ड्रॉप टाकून संध्याकाळी सहाला सोडलंत तर स्टेशनच्या जिन्यावर त्यांचं काय होईल विचार करा. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाबरोबर बोलवा सरळ.

मुलांचं अजून वेगळं असतं. चष्म्याचा खरा नंबर काढायला ॲट्रोपिनचं मलम घरी लावायला देतात, त्याचा परिणाम आठवडाभर, कधी दोन आठवडेसुद्धा राहतो, आणि आई तिसऱ्या दिवशी घाबरून फोन करते की पोराला पुस्तक वाचता येत नाहीये. हे आधीच सांगा आणि परीक्षा कधी आहे ते विचारूनच तारीख द्या. मात्र चेहरा लालबुंद झालाय, ताप आलाय, मूल वेगळंच वागतंय असा फोन आला तर मलम थांबवायला सांगून लगेच डॉक्टरांना द्या.

प्रश्न: रेल्वेची भरती निघाली की आमच्या क्लिनिकमधे मुलांची लाइन लागते. तक्ता पाठ करून येतात, बोटांच्या फटीतून बघतात, आणि "मॅडम ६/६ लिहा ना" म्हणून मागे लागतात. काय करायचं?
(कल्याण)

उत्तर: कल्याणला हे होणारच हो, अर्धं गाव रेल्वेत. असिस्टंट लोको पायलटसाठी, म्हणजे रेल्वे इंजिनाच्या सहाय्यक चालकासाठी, दोन्ही डोळे चष्म्याशिवाय ६/६ (म्हणजे निरोगी नजर, खाली समजावते) लागतात, लेसिक म्हणजे चष्मा घालवायचं लेझर ऑपरेशन केलेलं चालत नाही आणि रंगही नीट ओळखता आले पाहिजेत, त्यामुळे पोरं जिवावर उदार होऊन येतात. दया येते हे खरं. पण तुम्ही ६/६ लिहिलंत तरी रेल्वेचे डॉक्टर परत तपासणारच, तेव्हा त्या मुलाची वर्षभराची तयारी आणि फी दोन्ही जाणार. चष्मा लागतोय हे आज कळलं तर चष्म्याची परवानगी असलेल्या दुसऱ्या पोस्ट असतात, तिकडे फॉर्म भरता येतो. हे त्याला सांगा, हेच खरं मदत करणं. आणि सर्टिफिकेट डॉक्टरांच्या सहीचं, आपण फक्त जे वाचलं ते लिहायचं.

पाठ करून येणाऱ्यांसाठी स्क्रीनवरचा तक्ता असेल तर अक्षरं बदला, छापील असेल तर उलटं, उजवीकडून डावीकडे वाचायला लावा, लगेच अडखळतात. बोटांनी डोळा झाकू द्यायचा नाही, काळं झाकण वापरा किंवा तळव्याची वाटी. डोळे बारीक करू द्यायचे नाहीत, कारण बारीक फटीतून बघितलं की नंबर असलेल्यालाही स्पष्ट दिसतं, आपण पिनहोलने, म्हणजे बारीक भोकाच्या झाकणाने, मुद्दाम तपासतो तेच तो फुकटात करतो. ओळीतली दोन अक्षरं चुकली तर पूर्ण ओळ लिहू नका, पुढे पी लिहा, म्हणजे पार्शल.

६/६ म्हणजे शंभर टक्के असं सगळे समजतात, तसं नाहीये ते. वरचा आकडा म्हणजे तुम्ही किती मीटरवर उभे आहात आणि खालचा म्हणजे निरोगी डोळ्याला ती ओळ किती मीटरवरून वाचता येते. ६/१२ म्हणजे इतरांना बारा मीटरवरून दिसतं ते याला सहावर यावं लागतं. हर्मन स्नेलन या डच डॉक्टरांनी १८६२ मधे हा तक्ता काढला तेव्हा त्यांच्या डोक्यात मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोल्या नव्हत्या, म्हणून आपल्याकडे आरसा लावून तीन मीटरचे सहा करतात. मुद्दा असा की पेशंटची खुर्ची फूटभर पुढे सरकली की हिशोब चुकतो, म्हणून जमिनीवर पट्टी चिकटवून ठेवा, झाडूवाल्या मावशींनी खुर्ची हलवली तरी परत जागेवर येते.

रंग ओळखता येतात का ते तपासायच्या, ठिपक्यांतल्या आकड्यांच्या इशिहाराच्या पुस्तकावर बोट फिरवू देऊ नका, पानं खराब होतात, आणि पिवळ्या बल्बखाली ती टेस्ट घेऊ नका, दिवसाचा उजेड हवा.

प्रश्न: माझ्या आईच्या मोतीबिंदूचं ठरलंय. क्लिनिकमधली मुलगी तेच माप परत परत घेत होती, मग म्हणाली उद्या पुन्हा या. हे नक्की मशीन खराब आहे का मुलीला येत नाहीये? सुट्टी टाकून येतो हो आम्ही.
(गिरगाव)

उत्तर: तुम्ही वैतागलात ते बरोबर, पण त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. मोतीबिंदू काढून आत जी लेन्स बसवतात तिचा नंबर डोळ्याच्या लांबीवरून आणि बुबुळाच्या गोलाईवरून काढतात. लांबीत एक मिलिमीटर चुकला तर चष्म्याचा नंबर साधारण अडीच-तीनने फिरतो, म्हणजे ऑपरेशन झकास होऊनही आई म्हणणार मला दिसत नाही. म्हणून मापं एकसारखी आली नाहीत तर परत घेतात, दोन्ही डोळ्यांत फार फरक आला तर परत घेतात, आणि त्याच दिवशी आधी डोळ्याला हात लागून प्रेशर वगैरे झालं असेल, डोळा कोरडा असेल, तर बुबुळाचं माप गडबडतं, तेव्हा उद्या या म्हणणंच शहाणपणाचं. आई कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असतील (आजकाल वापरतात हो) तर त्या किती दिवस आधी काढायच्या तेही विचारा.

पूर्वी आत लेन्सच नसायची, ऑपरेशननंतर ते बाटलीच्या बुडासारखे जाड चष्मे. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधे हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ ला पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवली, युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिकचे तुकडे घुसूनही डोळा ते सहन करतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण त्यांच्या सुरुवातीच्या पेशंटना नंतर भरपूर नंबर राहिला, कारण हिशोब नीट बसलेला नव्हता. आज तुमच्या आईला परत बोलावतात ते त्यासाठीच.

एक मात्र सांगते. महागडी लेन्स घ्या म्हणून असिस्टंटच आग्रह करत असेल तर तिथे थांबा आणि डॉक्टरांशी बोला. माहिती देणं तिचं काम, विकणं नाही. काचबिंदू किंवा पडद्याचा त्रास असेल तर मल्टिफोकल, म्हणजे लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी लेन्स, सगळ्यांना मानवत नाही.

प्रश्न: मी डोळ्यांच्या दवाखान्यात आहे कळल्यापासून अख्खी चाळ मला लाल डोळे दाखवते. "तुझ्याकडचा एखादा ड्रॉप दे ना". नाही म्हटलं की शिष्ट झाली म्हणतात.
(भांडुप)

उत्तर: म्हणू देत शिष्ट. २०२३ च्या पावसाळ्यात डोळे यायची साथ आली होती आठवतंय ना, तेव्हा तर लोकांनी मेडिकलमधून मिळेल ते उचललं. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांमधे स्टिरॉइड असतं, दोन दिवसांत लाली जाते, माणूस खूश, मग दरवेळी तोच ड्रॉप, महिनोन्महिने, आणि डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदू लवकर येतो. आणि बुबुळावर जखम असेल, हर्पिस किंवा बुरशीचं इन्फेक्शन असेल तर स्टिरॉइडने ते भडकतं. भाजी कापताना, वेल्डिंग करताना, लोकलच्या दारात उभं राहून कण गेला, सगळ्याचे डोळे लालच दिसतात, तुम्हाला टॉर्च मारून कळणार नाही.

आणि सुन्न करायचा ड्रॉप, प्रोपॅराकेन, तो तर क्लिनिकच्या बाहेर जाताच कामा नये. वेल्डरलोक मागतात, दुखायचं लगेच थांबतं म्हणून. पण तो परत परत टाकला की जखम भरतच नाही, बुबुळ विरघळायला लागतं. कपाटाला कुलूप ठेवा.

चाळीत साथ असेल तर तुम्ही देऊ शकता असं एकच, हात धुवा, टॉवेल-उशी वेगळी, डोळे चोळू नका, दिसायला कमी झालं किंवा उजेड सहन होईना तर त्याच दिवशी दाखवा. आणि साथीच्या दिवसांत तुमच्या क्लिनिकमधे लाल डोळेवाल्यांना वेगळ्या बाकावर बसवा, प्रत्येक पेशंटनंतर हनुवटीची पट्टी स्पिरिटने पुसा, प्रेशरच्या मशीनचं जे टोक डोळ्याला लागतं ते डॉक्टरांनी सांगितलंय तसं निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्याला लावू नका, कारण तो व्हायरस पुसलेल्या टेबलावरसुद्धा तग धरतो.

प्रश्न: मुलगी बारावी सायन्स झाली, बायोलॉजी आहे. क्लिनिकमधे लगेच लावू की कोर्स करू दे? कोणता?
(डोंबिवली)

उत्तर: घरची गरज अगदी तातडीची नसेल तर कोर्स करू दे. ऑप्टोमेट्री म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायचं शिक्षण, त्याची डिग्री चार वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. ऑफ्थॅल्मिक असिस्टंटचे, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांच्या मदतनिसाचे, डिप्लोमा बहुतेक दोन वर्षांचे. डिग्रीवाली स्वतः नंबर काढू शकते, कॉन्टॅक्ट लेन्स बसवू शकते, पुढे लो व्हिजनमधे (चष्मा लावूनही नीट न दिसणाऱ्यांसाठीचं काम), मोठ्या हॉस्पिटलमधे जाता येतं. नुसती क्लिनिकमधे शिकलेली मुलगी हाताने कितीही तयार असली तरी नोकरी बदलताना कागद विचारतात, आणि २०२१ च्या अलाइड हेल्थकेअरच्या कायद्यात ऑप्टोमेट्रिस्ट, ऑफ्थॅल्मिक असिस्टंट, व्हिजन टेक्निशियन असे सगळे घेतलेत, म्हणजे पुढे कागदाचं महत्त्व वाढतच जाणार. (वर विक्रोळीच्या मुलीला बहुतेक ठिकाणी सायन्स नसल्यामुळे हे बंद आहे, तिने पेशंट काउन्सेलिंग, मेडिक्लेमची कामं आणि ऑपरेशन थिएटरची तयारी शिकावी, त्यातही माणसं लागतातच.)

ॲडमिशन घ्यायच्या आधी कॉलेजला तीन गोष्टी विचारा, डिग्री कुठल्या युनिव्हर्सिटीची, इंटर्नशिप कुठे, आणि पहिल्या वर्षापासून पेशंट बघायला मिळतात का. सहा महिन्यांत ऑप्टोमेट्रिस्ट करून देतो म्हणणारे रेल्वे स्टेशनबाहेर पत्रकं वाटतात, ते पत्रक तिथेच कचऱ्यात. त्याआधी एखाद्या सकाळी जेजेच्या नाहीतर केईएमच्या डोळ्यांच्या ओपीडीबाहेर मुलीला तासभर बसवून आणा. गर्दी, वास, रडणारी पोरं, परत परत तेच विचारणारे आजोबा, हे बघून ती "चला आई" म्हणाली तर दुसरं काहीतरी बघा, आणि आजोबांना फॉर्म भरून द्यायला उठली तर फी भरा.